हात चौकटीत राहू द्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक घरांत भिंतीवर हार घातलेला जो फोटो दिसतो, तो भिंतीसाठी काढलेला नसतो. बँकेच्या पासबुकासाठी नाही तर पीककर्जाच्या अर्जासाठी काढलेला तो पासपोर्ट फोटो. माणूस गेल्यावर स्टुडिओवाला तो मोठा करतो, मागचा पडदा काढून निळं आकाश लावतो, चुरगळलेली कॉलर सरळ करतो. कधी तेवढाही फोटो घरात सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधून, पंगतीत बसलेल्या माणसांतून, चेहरा कापून काढावा लागतो आणि शेजारच्याचा खांदा कोपऱ्यात तसाच राहून जातो. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाचं शेतातलं एकही छायाचित्र घरात नसतं.

दुसरं छायाचित्र बातमीतलं. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांनी शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्या काळात आणि त्यानंतर देशोदेशीचे कॅमेरे या जिल्ह्यात येऊन गेले. त्यांनी नेलेली चौकट ठरलेली असे: मातीची भिंत, उंबऱ्यात बसलेली बाई, तिच्या मांडीवर नवऱ्याची तसबीर. म्हणजे पासपोर्ट फोटोचाच फोटो. ती छायाचित्रं खोटी नव्हती, त्यांची गरजही होती. पण त्यांतली बाई कायम बसलेलीच राहिली. चार दिवसांनी ती निंदणाला गेली, तिनं सालदाराचा हिशेब केला, बंडी जुंपायला शिकली, ते पाहायला कुणी थांबलं नव्हतं.

हे पुस्तक या दोन छायाचित्रांच्या मधली जागा भरण्यासाठी केलं आहे. काम करणाऱ्या माणसाला न थांबवता काढलेली व्यक्तिचित्रं उजव्या पानावर आणि त्यांच्यावर झालेली चर्चा डाव्या पानावर, अशी त्याची मांडणी आहे. छायाचित्रं काढणारे याच जिल्ह्यातले आहेत. त्यांत लग्नसराईवर पोट असलेले स्टुडिओवाले आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक आहेत, कृषी सहायक आहेत, महाविद्यालयातली मुलं आहेत. बऱ्याच जणांकडे मोबाइलखेरीज दुसरा कॅमेरा नाही. चर्चेला मात्र छायाचित्रकारांइतकीच, किंबहुना जास्तच, ती माणसं हजर होती ज्यांना ते काम येतं. या पुस्तकात काही नवं असेल तर ते एवढंच, आणि या प्रस्तावनेत मला मांडायचं आहे तेही तेच. कामातल्या माणसाचं छायाचित्र चांगलं की वाईट, हे ठरवायला आधी ते काम कळावं लागतं. चौकट, उजेड, क्षण या गोष्टी त्याच्या मागून येतात.

मराठी वाचकाला व्यक्तिचित्र म्हटलं की गौतम राजाध्यक्ष आठवतात. त्यांच्या ‘चेहरे’नं एका पिढीची आवड घडवली: मऊ उजेड, शांत पार्श्वभूमी आणि जणू फक्त आपल्यासाठीच थांबलेला एक चेहरा. संदेश भंडारे तमाशाच्या फडात राहिले आणि तिथली माणसं त्यांनी रंगमंचावर टिपली तशीच राहुटीतही टिपली. सुधारक ओलवे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर गटारापर्यंत गेले. शहर ज्यांच्याकडे पाहायचं टाळतं त्यांचं काम त्यांनी शहरापुढे ठेवलं. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत हिंडून ग्रामीण बायांच्या श्रमांची छायाचित्रं काढली आणि त्यांचं प्रदर्शन गावोगाव नेलं. त्यातल्या कितीतरी बाया वाकलेल्या आहेत. चेहरा जमिनीकडे आहे, आपल्याला दिसते ती पाठ. व्यक्तिचित्रात चेहरा हवाच, हा आग्रह तिथं टिकत नाही.

जगाच्या नकाशावर पाहिलं तर या प्रकाराला मोठी वंशावळ आहे, आणि ती वाटते तितकी सरळ नाही. जर्मनीच्या ऑगस्ट झांडरनं १९२८ मध्ये टिपलेला विटा वाहणारा मजूर आज जगभर ओळखीचा आहे, पण तो कॅमेऱ्यासाठी उभा आहे. खांद्यावर विटांची चळत, नजर थेट आपल्यावर. अमेरिकेच्या लुइस हाइननं १९२० च्या सुमारास काढलेला, हातात भला मोठा पाना घेऊन यंत्रावर वाकलेला कामगारही मांडून घेतलेलाच आहे. याच हाइननं १९०८ पासून गिरण्यांत आणि खाणींत राबणारी मुलं टिपली आणि बालमजुरीविरोधी चळवळीच्या हाती पुरावा दिला. दुसऱ्या टोकाला वॉकर इव्हान्स. त्यानं १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवासी टिपले, पण त्यांचं पुस्तक यायला १९६६ उजाडलं. तेव्हा न सांगता काढलेलं ते खरं आणि सांगून काढलेलं ते नाटकी, असा हिशेब कुणी मांडू नये.

तसंही आपल्याकडे कॅमेरा लपवायची सोयच नाही. गावात तुमची गाडी शिरल्या शिरल्या तुम्ही कोण, कुणाकडे आलात आणि कुठं चहा घेतला हे शिवारभर झालेलं असतं. लांब पल्ल्याची लेन्स लावून धुऱ्याआड बसणारा माणूस इथं वनखात्याचा तरी समजला जातो, नाही तर विमा कंपनीचा. म्हणून या पुस्तकात ‘नकळत’ टिपलेलं एकही छायाचित्र नाही. टिपणारा आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. फक्त काम त्याच्यापेक्षा महत्त्वाचं होतं.

कॅमेरा निघाला की माणसं काय करतात, हे ज्यानं पाहिलं असेल त्याला पुढची अडचण सांगायला नको. बाई पदर सावरते, मळका शर्ट काढून ठेवते, विळा मागे लपवते आणि ताठ उभी राहते. म्हातारा म्हणतो, थांब बावा, टोपी घालून येतो. शहरातल्या छायाचित्रकाराला याचा वैताग येतो, ‘नैसर्गिक’ फोटो गेला म्हणून. मला तो वैताग उद्धटपणाचा वाटतो. ज्याचा आयुष्यात एक पासपोर्ट फोटो निघाला, त्यानं चांगलं दिसायची इच्छा धरली तर बिघडलं काय? आमच्या मंडळींनी साधा शिरस्ता पाळला. आधी तो ताठ उभा फोटो नीट काढायचा, पुढच्या खेपेला छापून द्यायचा आणि मग तिथंच बसून राहायचं. कापूस वेचणारीची मजुरी किलोवर असते. ती कॅमेऱ्यासाठी किती वेळ थांबणार? दोन मिनिटांत तिचे हात चालू होतात. तिला पुन्हा थांबवणं म्हणजे तिच्या मजुरीतून चार पैसे काढून घेणं. न थांबवता टिपायचं, हा नियम आमच्याकडे कलेतून आला नाही, मजुरीच्या हिशेबातून आला.

आता कापसाचंच सविस्तर बोलू, कारण या जिल्ह्यात सगळ्यात जास्त छायाचित्रं त्याचीच निघतात आणि सगळ्यात जास्त फसतातही तीच. वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. पहिल्या वेच्याआधी सीतादहीची पूजा करतात, त्याचे फोटो बरे येतात, कारण तिथं माणसं स्थिर असतात. खरी परीक्षा पुढं आहे. दव उतरल्यावर बाया तासाला लागतात. लुगड्यावर नवऱ्याचा नाही तर पोराचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला फडकं, कमरेला ओटी. उभ्यानं फोटो काढला तर दिसतं ते फडकं आणि पऱ्हाटीचे शेंडे. बाजूनं काढला तर वाकलेल्या पाठीची एक कमान मिळते, जी पंचवीस छायाचित्रांत पंचवीस वेळा सारखीच दिसते. तासातच पुढं जाऊन बसावं लागतं, बोंडांच्या उंचीला, आणि ती आपल्याकडे येईपर्यंत वाट पाहावी लागते. तेव्हा कळतं की दोन्ही हात वेगवेगळं काम करतात आणि नजर हातांच्या एक बोंड पुढं असते. बोंडाची वाळलेली टोकं टोचतात, म्हणून बोटांची ठेवण विशिष्ट असते. कापूस अख्खा निघून येतो तो क्षण अगदी लहान. मोबाइलवर तो पकडायचा तर हात चौकटीच्या मध्यावर ठेवावे लागतात आणि चेहऱ्याला वरच्या भागात राहू द्यावं लागतं.

उजेडाची एक गंमतही इथंच कळते. उन्हं चढल्यावर फडक्याखाली चेहरा काळाठिक्कर होतो, असं छायाचित्रणाची पुस्तकं सांगतात. पण ओटी भरत आली की तिच्यातला पांढरा कापूस खालून चेहऱ्यावर उजेड फेकतो. स्टुडिओवाले त्यासाठी पांढरे थर्मोकोल धरून पोऱ्याला उभं करतात. वेचणारीजवळ तो आपसूक असतो आणि ओटी भरेल तसा वाढत जातो. म्हणून सकाळी पहिल्या तासाला काढलेल्या छायाचित्रापेक्षा ओटी रिकामी करायला निघण्याआधीचं छायाचित्र बहुतेक वेळा सरस निघतं. हे लक्षात आणून दिलं ते एका स्टुडिओवाल्यानं. कॅमेरा क्लबात वर्षानुवर्षं बसलेल्या कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

जिनिंगमध्ये तोच पांढरा रंग वैरी होतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक जे समोर दिसेल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतो. समोर कापसाची गंजी असली की तो उजेड कमी करतो. गंजी करडी होते आणि तिच्यापुढं उभा असलेला माणूस कोळशासारखा. उपाय सोपा आहे: उजेड चेहऱ्यावरून मोजावा, गंजीचा एखादा भाग नुसता पांढरा झाला तर होऊ द्यावा. सोपा असूनही लोक तो करत नाहीत, कारण पडद्यावर कापूस सुंदर दिसत असतो. सावळ्या माणसांच्या बाबतीत हा जुनाच अन्याय आहे. कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी अनेक वर्षं गोऱ्या बाईचं छायाचित्र प्रमाण मानलं जाई. गडद छटा नीट येत नाहीत अशी तक्रार लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी केली, तेव्हा कंपनी हलली. माणसांच्या तक्रारीनं ती हलली नव्हती.

नव्या मोबाइलांतल्या पोर्ट्रेट मोडवर या पुस्तकातल्या चर्चांत बरीच वादावादी झाली आहे. माझं मत कडक आहे: कामाच्या छायाचित्राला तो वापरू नये. तो चेहरा ठेवतो आणि बाकी सगळं धूसर करतो. त्या बाकीमध्ये शेत असतं, बैल असतात, यंत्र असतं, सोबतच्या चार बाया असतात. म्हणजे ज्यासाठी आपण तिथं गेलो, तेच तो पुसतो. शिवाय कापूस कुठं संपतो हे त्याला कळत नाही. ओटीच्या कडा तो कात्रीनं कापल्यासारख्या करून ठेवतो.

आता समीक्षेकडे वळतो. आपल्याकडे फोटोवर दोन प्रकारे बोललं जातं. एक, मस्त, झकास, एक नंबर. दुसरं, क्लबातल्या परीक्षकाचं: डोक्यातून खांब उगवला आहे, डोळे टोकदार नाहीत, विषय मध्यावर नको होता. पहिल्यानं काही शिकायला मिळत नाही. दुसऱ्यानं मिळतं, पण ते सगळ्या फोटोंना सारखंच लागू पडतं, लग्नालाही आणि लोहारालाही. मनगटापाशी कापलेला हात हा क्लबात सौंदर्याचा दोष मानतात. शिंप्याच्या, कुंभाराच्या, बुरडाच्या छायाचित्रात तो माहितीचा दोष आहे. हात गेला की काम गेलं, आणि उरतो एक माणूस जो काहीतरी करत होता म्हणे.

तिसऱ्या प्रकारचं बोलणं आम्हाला सापडलं ते एका डवरणीच्या छायाचित्रामुळे. सकाळचं ऊन, धूळ, बैलांची जोडी, मागं गडी, आभाळात ढग. सगळ्यांना आवडलं होतं. मागं बसलेला एक शेतकरी म्हणाला, “भाऊ, हे डवरणं नाही. डवरा तं उचललेला हाये. धुऱ्यावर वळून राह्यला तो.” मग सगळ्यांना दिसलं. डवऱ्याची पास जमिनीच्या वर होती, दोरी सैल होती, गड्याचं वजन कुठंच पडलेलं नव्हतं. छायाचित्र वाईट नव्हतं, पण ते विसाव्याचं होतं आणि खाली लिहिलं होतं ‘श्रम’. मथळा बदलून आम्ही ते पुस्तकात घेतलं. त्यानंतर प्रत्येक छायाचित्रापुढं पहिला प्रश्न तोच ठेवला: यात काम चालू आहे का? पुढचा प्रश्न आपोआप यायचा: असं करताना भार कुठं पडतो, आणि तो दिसतो का?

तेंदूपत्त्याच्या पानांवर या प्रश्नाचा फायदा स्पष्ट दिसेल. उन्हाळ्यात पहाटे जंगलात पानं तोडायची आणि दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे, असं हे काम. तोडणीचे फोटो देखणे आहेत, बांधणीचे रोडावलेले वाटतात, कारण तिथं काहीच हलत नाही. पण एका छायाचित्रात बाईचे ओठ किंचित उघडे आहेत. ती मोजते आहे. शेजारी बसलेल्या मुलीचेही ओठ तसेच, फक्त तिची मोजणी मागं पडलेली असावी, कारण ती आईच्या हाताकडे पाहते आहे. हात, ओठ आणि दोघींची नजर एकाच चौकटीत आल्यावर कामाचा सगळा जीव त्यात उतरला. परीक्षकांनी आधी ते ‘क्षण हुकला’ म्हणून बाजूला ठेवलं होतं.

कोलाम, गोंड, आंध, बंजारा माणसांच्या छायाचित्रांबद्दल थोडं कडवट बोलावं लागेल. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. माणूस म्हणजे त्याच्या जातीचा नमुना, हा त्यामागचा विचार. स्पर्धांत बक्षिसं मिळवणारी आजची ‘आदिवासी’ व्यक्तिचित्रं मला त्याच खंडांचा नववा भाग वाटतात. काळी पार्श्वभूमी, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, पाणावलेले डोळे, बंजारा असेल तर आरशांची काचोळी. ती म्हातारी दिवसभर काय करते, याचा पत्ता नाही. आमच्याकडेही अशी बरीच आली. आम्ही ती परत पाठवली आणि त्याच माणसांचं काम टिपून आणायला सांगितलं. बांबूच्या कामट्या सोलणाऱ्या एका कोलाम म्हाताऱ्याचं छायाचित्र त्यातून आलं. त्यातही सुरकुत्या आहेत, पण बघणाऱ्याचं लक्ष आधी पायाच्या अंगठ्यात धरलेल्या कामटीवर जातं.

वणी भागाचं प्रकरण छोटं आहे. घोन्सा, उकणी, निलजई या कोळसाखाणींत परवानगीशिवाय कॅमेरा चालत नाही, त्यामुळे पाळी सुटल्यावरचे चेहरे तेवढे आहेत. राजूरच्या चुनाभट्ट्यांची छायाचित्रं जास्त आहेत आणि ती कोळशाच्या शेजारी मुद्दाम लावली आहेत. शकुंतला रेल्वेवर एकच पान आहे. मुर्तिजापूर–यवतमाळ या चिमुकल्या मार्गावर १९९४ पर्यंत मँचेस्टरमध्ये घडवलेलं वाफेचं इंजिन धावलं, आणि आलेल्या प्रत्येक हौशी छायाचित्रकारानं ते इंजिनच टिपलं. तिकीट देण्यापासून फाटक लावण्यापर्यंतची सगळी कामं करणारी मोजकी माणसं त्या चित्रांच्या कडेला कुठंतरी अर्धी दिसतात. आता गाडी बंद आहे, त्यांना कामावर टिपायची वेळ टळून गेली.

सगळ्यात मोठा वाद झाला तो फवारणीच्या छायाचित्रावरून. मागून आलेलं सकाळचं ऊन, पाठीवर पंप, आणि नळीतून निघालेलं तुषारांचं सोनेरी धुकं. कुठल्याही स्पर्धेत ते पहिलं आलं असतं. पण या जिल्ह्यात २०१७ चा पावसाळा विसरता येत नाही. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वॉर्ड भरले. पऱ्हाटी त्या साली डोक्याइतकी वाढली होती, नळी वर धरावी लागत होती आणि औषध परत तोंडावर येत होतं. हे माहीत असलेल्या माणसाला ते सोनेरी धुकं वेगळं दिसतं. वारा कुणीकडून आहे, तुषार चेहऱ्याकडे येतात की दूर जातात, तोंडाला फडकं आहे का, पाय उघडे आहेत का, हे तिथं बारकावे राहत नाहीत, तेच छायाचित्राचा विषय होतात. आणि या छायाचित्रात वारा समोरून आहे.

काहींचं म्हणणं पडलं की हे छापूच नये, विषाला इतकं सुंदर करणं बरं नव्हे. काहींना वाटलं की सुंदर आहे म्हणूनच ते कुणी तरी थांबून पाहील, आणि पाहिल्यावर वाऱ्याची दिशा त्याच्या लक्षात येईल. छायाचित्रातला शेतमजूर म्हणाला, छापा, पण खाली औषधाचं नाव लिहा. स्टुडिओवाल्यानं तुषारांचा भाग कमी करून चेहरा जवळ आणणारी दुसरी चौकट कापून दाखवली. तीत धुकं गेलं, पण नळी धरलेला हातही गेला, म्हणून ती कुणाला पटली नाही. माझं मत छापावं असं होतं, पण माझ्या मताला इतरांइतकंच वजन होतं. शेवटी दोन्ही चौकटी समोरासमोर छापल्या आहेत, डबीवरच्या औषधाच्या नावासकट, आणि चर्चा मागच्या पानावर टाकली आहे. वाचकांनी आधी चौकटी पाहाव्यात.